आमची घरमालकीण रोमा राजवाडे

तीन बाया एका खोलीत राहायला लागल्या की खुंट्या कमी पडतात, भांडी कमी पडतात, पाणी तर पडतंच. किस्से मात्र काही केल्या कमी पडत नाहीत! नको म्हटलं तरी साचत जातात. अजूनही आम्ही तिघी कुणाच्या लग्नात भेटलो की पंगतीत शेजारी बसायची सोय नाही. वाढपी कंटाळून पुढं निघून जातो, पण आमचं काही संपत नाही.

त्यातले रोमा राजवाडेचे तेवढे सांगते. पडद्यावरची ती सिगारेटवाली, हिरोचा संसार मोडायला निघालेली बाई. तुम्ही विसरला असाल तिला. आम्ही कशा विसरू?

लातूर तेव्हा नवा नवा जिल्हा झाला होता. ऑफिसं आली, पण बसायला जागा कुठं होती? आमचं ऑफिस एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये. कपाटांवर उस्मानाबाद लिहिलेलं, त्यावर पांढरा रंग मारून लातूर केलेलं. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की टाइपरायटरच्या कळांना बोट लावायची भीती वाटायची. त्यात ते दुष्काळाचं वर्ष.

मी सुलोचना, नांदेडची, टायपिस्ट. सलमाआपा उदगीरची, ऑफिसचा टेलिफोन बोर्ड सांभाळायची. आमच्यापेक्षा मोठी, आणि आवाज तर असा की बोर्ड बंद असला तरी पलीकडं ऐकू जावा. तिसरी कुसुम. हदगावकडच्या खेड्यातली, शेतकऱ्याची लेक, आवक-जावकला होती. तिघी मिळून एक खोली भाड्यानं घेतली होती. गल्लीत आमचं नाव काय पडलं होतं ते सांगत नाही. एकट्या राहणाऱ्या, कमावणाऱ्या बाया म्हटल्यावर लोक काय आरती ओवाळतात का?

कुसुमच्या अण्णांनी तिला एका अटीवर नोकरी करू दिली होती. "एक जरी वावगी गोष्ट कानावर आली, तर त्याच दिवशी ट्रंक उचलायची अन् गाडीत बसायचं. मागून रडायचं न्हाई." कुसुमला ही नोकरी म्हणजे जीव की प्राण. अण्णा कधी येतील याचा नेम नसे. गल्लीत कुणाचीही चप्पल वाजली की तिच्या हातातली भाकरी तव्यावर करपायची.

* * *

अण्णांचा पहिला किस्सा माझ्यावरच झाला.

पहिल्यांदा आले तेव्हा मी तांब्या-पेला घेऊन पुढं गेले. त्यांनी माझं आडनाव विचारलं. सांगितलं. मग गाव विचारलं, मग गावातली वस्ती विचारली. मग म्हणाले, "पाणी नगं. तहान न्हाई."

मे महिना होता! माणूस हदगावहून लातूरपर्यंत एसटीनं आलेला, ओठ सुकून पांढरे पडलेले!

मी पेला त्यांच्यासमोर घटाघटा पिऊन टाकला. म्हटलं, "बरं झालं अण्णा. दुष्काळात तेवढंच वाचलं." कुसुमनं मान खाली घातली. सलमाआपा मोरीत तोंड दाबून हसली. मला मात्र हसू आलं नव्हतं, लई राग आला होता. पण रागावून सांगायचं कुणाला? ट्रंक तर कुसुमची जाणार होती.

* * *

रोमा राजवाडेचं वेड आम्हाला लागलं ते तंबूतल्या टॉकीजमध्ये. शुक्रवारी दुपारी फक्त बायांचा खेळ असायचा. तंबूत उकाडा, कडेवर पोरं, मांडीवर भुईमुगाच्या शेंगा.

पडद्यावर रोमा आली रे आली की सगळा तंबू एका आवाजात सुरू व्हायचा. "आली बघा भवानी!" "मुडदा बशिवला हिचा!" एका आजीबाईंनी तर पडद्यावर शेंगांची टरफलं फेकली होती. हिरोईन रडायला लागली की सगळ्या पदर डोळ्याला लावायच्या.

आम्ही तिघी मात्र रोमाकडं बघून राहायचो. काय ती चालायची, काय ती मान! बिनबाह्यांचं ब्लाउज, लालभडक ओठ, आणि नजर अशी की समोरचा बाप्या शर्टाची बटणं चाचपायला लागावा. सलमाआपा म्हणायची, "क्या औरत है जी! डर नामकी चीजच नहीं!"

एकदा परत येताना मी कुसुमला विचारलं, "तुला काय आवडतं गं तिचं?"

कुसुमनं बराच विचार केला. म्हणाली, "सगळ्या पिक्चरमधी ती एकटीच हाय, जी हॉटेलात जाती अन् आपलं बिल आपण देती."

* * *

मग हंड्याचा किस्सा झाला. सगळं रामायण इथूनच सुरू झालं.

तिघींनी पैसे घालून एक पितळी हंडा घेतला. भांडं घेतलं की दुकानदार त्यावर नाव कोरून देतो, ही आपल्याकडची रीत. बिननावाचं भांडं म्हणजे कुणाच्याही घरी जायला मोकळं. दुकानदार खिळा आणि हातोडी घेऊन बसला. "बोला ताई, नाव?"

आली का पंचाईत! माझं टाकलं तर उद्या मी बदलून गेले की हंडा माझा. कुसुमचं टाकलं तर लग्नात रुखवतावर जाईल. सलमाआपा म्हणाली, "मेरा डालो, मैं कहीं नहीं जाती." त्यावरून तिथंच जुंपली. मागं गिऱ्हाईकं खोळंबली.

कुसुम एकदम म्हणाली, "रोमा राजवाडे टाका."

"कोण लागते तुमची?" दुकानदारानं विचारलं.

"थोरली बहीण!" मी म्हटलं. त्यानं ठकठक करून नाव कोरलं.

गल्लीत टँकर यायचा तेव्हा नंबर बाईचा नसायचा, हंड्याचा असायचा. पहाटेच हंडे ओळीनं लावायचे आणि बायांनी सावलीला बसायचं. टँकरवरचा माणूस हंड्यावरचं नाव वाचून आरोळी द्यायचा. त्यामुळं महिन्याभरात सगळी गल्ली बोलायला लागली. "रोमाला पुढं सरकवा गं!" "काल रोमानं मधीच नंबर लावला!" "रोमाच्या बुडाला पोचा आलाय, बघा!"

आणि एक दिवस ऐन टँकरच्या गर्दीत अण्णा उभे!

टँकरवाला ओरडला, "रोमा राजवाडे! कुठाय रोमा राजवाडे?" कुसुम पुढं झाली आणि हंडा उचलायला वाकली, तोच बाप दिसला. हंडा जागच्या जागीच राहिला. अण्णांना वाचता येत होतं. त्यांनी हंड्यावरचं नाव सावकाश वाचलं.

"ही रोमा राजवाडे कोण?"

मी आपाकडं बघितलं. कुसुम तर पांढरीफट. सलमाआपा मधी पडली. "हमारी घरमालकीण है जी अण्णा! उसीका हंडा है."

"एकटीच राहती?"

"हौ! बेवा है बिचारी, शौहर नहीं रहा. भोत कडक! सात बजे दरवाजा बंद करती. रोज पोथी पढती!"

मी आपाला चिमटा काढला. म्हटलं, बस कर! पण अण्णांचा चेहरा सैल पडला. त्यांनी हंडा फिरवून बघितला. लख्ख घासलेला, काठोकाठ भरलेला.

"बाई नेमाची दिसती," म्हणाले. "अशीच पाहिजे."

गावाकडं जाऊन त्यांनी पारावर सांगितलं, आमची कुसुम रोमाबाई राजवाड्यांच्या नजरेखाली हाय, काळजीचं काम न्हाई. गावातल्या एकालाही ती नटी ठाऊक नव्हती. तिथवर टॉकीज पोचलीच नव्हती ना!

* * *

टॉकीज नव्हती पोचली, पण पोस्टर पोचलं.

दुष्काळाच्या मदतीसाठी लातुरात मोठा कार्यक्रम ठरला. मुंबईहून कलाकार येणार, त्यात रोमा राजवाडे! पोस्टरं जिथं तिथं लागली, हदगावच्या स्टँडवरसुद्धा. हातात सिगारेट, उघडी पाठ, आणि खाली हे मोठं नाव.

हदगाव-लातूर गाडीचा कंडक्टर कुसुमच्याच गावचा. त्याच्या हाती कधी लोणचं यायचं, कधी निरोप यायचा. तो त्या दिवशी खोलीच्या दारात आला, पण आत येईना.

"कुसुमताई, अण्णा रविवारी येऊन राहिलेत. ट्रंक भरून ठेव म्हणले. गावात पोरं त्यांना 'काय अण्णा, मालकीणबाई बऱ्या हायत का?' म्हणून राहिलीत. चार दिवस झाले, ते पारावर गेले न्हाईत."

तो गेला. सलमाआपाचा चेहरा बघवत नव्हता. "मेरी जुबान जल जाए," एवढंच म्हणाली.

कुसुम रडली नाही. भिंतीला टेकून बसली. "मी जायची न्हाई," म्हणाली. मग हळूच म्हणाली, "पण सुलू, त्यांनी हात धरला तर गं? चार लोकांत मी बापाचा हात झटकू का?"

मी उठून तिची ट्रंक पार कोपऱ्यात सरकवली.

* * *

कार्यक्रम रविवारचाच. साहेबांनी फर्मान काढलं, पाहुणी लेडीज आहे, तर रेस्ट हाऊसवर लेडीज स्टाफ पाहिजे.

त्या दिवशी ऑफिसातल्या सगळ्या बायांची पोटं एकदम दुखायला लागली! कुणाची सासू आजारी, कुणाचा उपास. त्या बाईच्या शेजारी उभं राहिलेलं घरी कळलं तर? उरलो आम्ही तिघी. कुसुम म्हणाली, "ट्रंक जाणारच हाय. निदान बघून तरी जाईन."

रेस्ट हाऊसवर कुणीतरी उठवलं होतं की नटी दुधानं न्हाते, दूध नसलं तर दोन टाक्या पाणी लागतं. म्हणून एक अख्खा टँकर मागच्या अंगणात आणून उभा केला होता! फाटकाबाहेर माणसं जमली, हातात रिकाम्या घागरी. आधी कुजबुज, मग आवाज चढला. एक दगड येऊन कुंपणावर आपटला. पोलीस फाटकाशी दोनच.

तेवढ्यात गाडी आली. चालवत होती ती स्वतः! डोळ्याला गॉगल, अंगात घट्ट पँट आणि शर्ट, गळ्याला रेशमी रुमाल, ओठ तसेच लालभडक. उंच टाचा मुरमात रुतून राहिलेल्या, तरी चाल तीच.

बाहेरचा गलका ऐकून तिनं विचारलं, "काय झालंय?"

साहेब गडबडले. "काही नाही मॅडम, तुमच्या आंघोळीच्या पाण्याची व्यवस्था केलीय, त्यावरून जरा..."

ती मागं गेली, टँकर बघितला. परत आली आणि सरळ फाटकापाशी गेली. साहेब "मॅडम, मॅडम" करत मागं. तिनं फाटक आपल्या हातानं उघडलं.

"आत या, पाणी भरा," म्हणाली. "पण रांगेत! ढकलाढकली केली तर मी मारते, पिक्चरमध्ये बघितलंच असेल."

लोक थबकले. एक म्हातारा म्हणाला, "अन् बाई, तुमी?"

"मला काय करायचंय पाणी? लिपस्टिकला पाणी लागत नाही, बाबा!"

फाटकाबाहेर असं हसू फुटलं की काय सांगू! दगड मारणारासुद्धा घागर घेऊन रांगेत उभा राहिला असणार.

* * *

चहा घेऊन आम्ही तिघी तिच्या खोलीत गेलो. ती पाय वर घेऊन बसलेली. आम्ही आपल्या नुसत्या बघत उभ्या. तिनंच विचारलं, "काय गं, जिभा घरी ठेवून आलात का?"

मग काय, आपाला कोण थांबवणार! हंडा, टँकर, घरमालकीण, सगळं भडाभडा सांगून टाकलं. रोमाबाई इतक्या हसल्या की बशीत चहा सांडला. "माझ्या नावाचा हंडा! आणि बेवा? आणि पोथी?" कुसुमचे डोळे भरलेले दिसले तेव्हा हसायच्या थांबल्या.

मी हात जोडले. म्हटलं, "बाई, अण्णा आज येऊन राहिलेत. तुम्ही एवढी कामं करता पडद्यावर. एकदा साडी नेसून त्यांच्यापुढं बसा. म्हणा, मी ती नव्हेच, दुसरी रोमा राजवाडे, हिची घरमालकीण. तुम्हाला काय अवघड आहे?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "अवघड काहीच नाही. पण मी खोटं बोलायचं ते कॅमेऱ्यापुढं. एरवी नाही जमत गं."

मला त्यांचा असा राग आला! एवढी मोठी बाई, एक खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं? मी ट्रे उचलला आणि ताडकन बाहेर आले.

* * *

आता शेवटचा सांगते.

संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी व्हरांड्यात महिला मंडळातर्फे रोमाबाईंचा सत्कार होता. साहेबांच्या बाई अध्यक्ष. ओटीचं ताट सजवलेलं, त्यात तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. रोमाबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या आणि सगळ्या मंडळाच्या लक्षात आलं, हिला पदरच नाही! ओटी भरायची कशात?

अध्यक्षबाईंनी सारवासारव करत विचारलं, "तुमचे मिस्टर नाही आले?"

"मिस्टर नाहीत. कधीच नव्हते," रोमाबाई म्हणाल्या. "मुलगी आहे, पाचवीत. उद्या शाळा, म्हणून ती नाही आली."

अध्यक्षबाईंच्या हातातलं ताट हळूच टेबलावर गेलं. "नारळ नुसता हातात देऊ या," कुणीतरी पुटपुटलं. पण तो द्यायलाही कुणी पुढं होईना.

आमच्यात ओटीबिटी भरत नाहीत, मला त्यातलं काही कळत नाही. पण अपमान कळतो.

आणि तेवढ्यात फाटकातून अण्णा आले. खांद्यावर कुसुमची ट्रंक! खोलीवर जाऊन आधी तीच उचलून आणलेली. शेजारणीनं किल्लीही दिली होती आणि आमचा पत्ताही. मागं चार पावलांवर कुसुमची आई. डोक्यावरून पदर, हातात गाडीत खायच्या भाकरीचं गठुडं.

"कुसुम," अण्णा पायरीखालूनच म्हणाले, "चल."

कुसुमनं व्हरांड्याचा खांब धरला. सलमाआपा पुढं झाली. "अण्णा, गलती मेरी है, उसकी नहीं..." अण्णांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते रोमाबाईंकडं बघत होते.

"तुम्हीच का त्या घरमालकीण?"

"नाही," रोमाबाई म्हणाल्या. "लातुरात माझं घर नाही. पोरी तुमच्याशी खोटं बोलल्या. कशापायी बोलाव्या लागल्या, तेही विचारा त्यांना."

अण्णांच्या मानेची शीर ताठ झाली. सगळ्या मंडळीसमोर म्हणाले, "तुम्हाला आईबाप हायत का न्हाईत? त्यांनी असं सोडलंच कसं तुम्हाला?"

मला वाटलं, आता ही पडद्यावरच्यासारखी एक ठेवून देणार. साहेब घाम पुसायला लागले. रोमाबाईंनी गॉगल काढला. आवाज चढवला नाही.

"होते ना. बाप म्हणाला, उंबरा ओलांडलास तर तोंड दाखवू नको. त्याचं काही वाटत नाही मला. बापच तो, बोलणारच. आई दारात उभी होती. मी स्टँडपर्यंत सारखी मागं वळून बघत गेले. वाटलं, आई काहीतरी बोलेल. काहीही. 'मर तिकडं' म्हणाली असती तरी चाललं असतं."

"मंग?" अण्णांच्या तोंडून गेलं.

"मग काय. गाडी आली."

मागच्या अंगणात टँकरखाली घागरी वाजत होत्या.

कुसुमच्या आईनं गठुडं खाली ठेवलं. काकूंना मी तोवर कधी बोलताना ऐकलं नव्हतं, नवऱ्यासमोर तर नाहीच. त्या अण्णांच्या बाजूनं तशाच पायऱ्या चढल्या, मंडळाच्या बायांमधून टेबलापाशी आल्या आणि त्यांनी ताट उचललं.

"पसर बाई कायतरी," रोमाबाईंना म्हणाल्या.

रोमाबाईंना काही समजेना. मग त्यांनी गळ्याचा रेशमी रुमाल सोडला आणि दोन्ही हातांवर धरला.

"अहो, पण त्यांचं लग्न..." अध्यक्षबाई म्हणाल्या.

"लेक मोकळी जाती का कुठं?" काकू म्हणाल्या. त्यांनी कुंकू लावलं. नारळ ठेवला, खण ठेवला, पाच ओंजळी तांदूळ घातले. एक दाणा खाली पडला, तो वाकून उचलला आणि रुमालात टाकला. रोमाबाईंचं काजळ गालावर ओघळलं होतं. पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता. मी त्यांच्यावर रागावले होते ना? त्यांच्याआधी मीच रडायला लागले होते.

काकूंनी खाली येऊन गठुडं उचललं.

"चला," अण्णांना म्हणाल्या, "गाडी सुटंल."

अण्णा ट्रंक खांद्यावर घेऊन तसेच उभे. "अन् पोरगी?"

काकू फाटकाकडं चालायला लागल्या होत्या.

"ट्रंक ठेवा खाली," म्हणाल्या. "तिला डूटी हाय."